नवखेपणाचा ताण की निर्णयाचा पश्चात्ताप? विभाग बदललेल्या परिचारिकेचा पेच

विभाग बदलून घेतल्यावर किंवा नव्या रुग्णालयात रुजू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत अनेक परिचारिकांच्या मनात एकच वाक्य घोळत राहते : "मी इथे यायलाच नको होते." हे वाक्य दोन अगदी वेगळ्या अवस्थांतून येऊ शकते. पहिली अवस्था नवखेपणाच्या ताणाची, म्हणजे काम अजून हाताखाली न आल्याने होणाऱ्या ओढाताणीची. दुसरी अवस्था निर्णयाच्या पश्चात्तापाची, म्हणजे आपण जे निवडले ते आपल्यासाठी योग्य नव्हते या जाणिवेची. दोन्हींत ड्युटीच्या आदल्या रात्री झोप लागत नाही, पोटात गोळा येतो, जुन्या वॉर्डातल्या सहकाऱ्यांची आठवण जीव कासावीस करते. त्यामुळे एकीला दुसरी समजण्याची चूक सहज होते. ही चूक महागात पडते, कारण नवखेपणावर राजीनामा हा उपाय नाही आणि चुकलेल्या निर्णयावर "होईल सवय" हाही नाही.

नवखेपणाचा ताण आधी पाहू, कारण तो जवळपास सर्वांनाच येतो आणि तरीही अनुभवी परिचारिका तो स्वतःशी मान्य करायला सर्वांत जास्त कचरतात. परिचर्येच्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी 1984 मध्ये परिचर्येतील कौशल्याच्या पाच पायऱ्या मांडल्या : नवशिकी, प्रगत नवशिकी, सक्षम, प्रवीण आणि तज्ज्ञ. त्या मांडणीतला एक मुद्दा बदली घेणाऱ्या प्रत्येकीने ध्यानात ठेवण्यासारखा आहे. ही पायरी व्यक्तीला कायमची चिकटलेली नसते. ज्या प्रकारच्या रुग्णांचा अनुभव नाही अशा ठिकाणी गेल्यावर तज्ज्ञ परिचारिकाही पुन्हा नवशिकी ठरू शकते. शस्त्रक्रिया विभागात वर्षानुवर्षे काम केलेल्या परिचारिकेला रुग्णाच्या चेहऱ्याकडे पाहूनच काहीतरी बिघडते आहे हे कळत असते, कोणती वस्तू कोणत्या कपाटात आहे हे तिला आठवावे लागत नाही आणि रात्री कोणत्या डॉक्टरांना काय शब्दांत फोन करायचा हेही तिला ठाऊक असते. यातले बरेचसे ज्ञान तिने कधी मुद्दाम शिकलेलेच नसते, म्हणून ते मागे राहिल्याचेही तिला चटकन उमगत नाही. अतिदक्षता विभागात आल्यावर व्हेंटिलेटरचा अलार्म वाजला की नळी सरकली आहे, स्राव साठला आहे की रुग्ण नुसता खोकला आहे, हे ओळखण्यासाठी तिला थांबून विचार करावा लागतो, आणि शेजारची सहकारी तोवर ते करून मोकळी झालेली असते. अशा वेळी "मला हे येत नाही" या साध्या वस्तुस्थितीचे "मी चुकीच्या जागी आले" असे भाषांतर मन परस्पर करून टाकते.

उलट दिशेने जाणाऱ्यांचे हाल कमी नसतात, मात्र त्यांना सहानुभूती कमी मिळते. अतिदक्षता विभागात एक किंवा दोन रुग्णांची तासातासाची नोंद ठेवण्याची सवय असलेली परिचारिका सामान्य वॉर्डात आली की तिला अनेक रुग्णांमधून आधी कोणाकडे जायचे हे सतत ठरवत राहावे लागते आणि प्रत्येकाकडे पुरेसे लक्ष दिले नाही ही टोचणी घेऊन घरी जावे लागते. "तुम्ही तर आयसीयूमधून आलात, तुम्हाला काय अवघड?" हे वाक्य कौतुकाने बोलले जात असले तरी मदत मागण्याची वाट ते बंद करते.

या ताणाचा काळही फसवा असतो. परिचर्या संशोधक मार्लीन क्रेमर यांनी 1974 मध्ये नव्याने नोकरीला लागलेल्या परिचारिकांना बसणाऱ्या वास्तवाच्या धक्क्याचे वर्णन केले, त्यात सुरुवातीचा उत्साहाचा टप्पा, मग धक्का, मग सावरणे आणि शेवटी मार्ग काढणे असा क्रम आहे. त्यांचा विषय नवपदवीधरांचा होता. पण विभाग बदललेल्या अनुभवी परिचारिकांनाही हा क्रम ओळखीचा वाटेल. धक्का पहिल्याच दिवशी न बसता सोबतीला दिलेली वरिष्ठ परिचारिका बाजूला झाल्यावर आणि रुग्ण स्वतंत्रपणे हाती आल्यावर बसतो. "सुरुवातीला बरे वाटत होते, आता खरे रूप दिसले" असा निष्कर्ष त्या वेळी अगदी तर्कशुद्ध भासतो; प्रत्यक्षात जागा तीच असते, फक्त आधार कमी झालेला असतो.

पश्चात्तापाची घडण निराळी आहे. जे घडले त्याची तुलना जे घडू शकले असते त्याच्याशी करण्यातून तो निर्माण होतो, आणि विभाग बदलणाऱ्याच्या बाबतीत ही तुलना मुळातच असमान असते. नव्या जागेचा आजचा वाईट दिवस एका पारड्यात आणि जुन्या जागेची निवडक स्मृती दुसऱ्या पारड्यात पडते. जुन्या वॉर्डातले हसणे, विश्वासाची टोळी आणि हातखंडा काम आठवते. ज्या गोष्टींना कंटाळून बदलीचा अर्ज केला होता, त्या मात्र धूसर होतात. शिवाय मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि व्हिक्टोरिया मेडवेक यांनी 1990 च्या दशकाच्या मध्यात केलेल्या संशोधनात असे दिसले की नजीकच्या काळात माणसांना केलेल्या कृतींची खंत अधिक बोचते, तर दीर्घ काळाने न केलेल्या गोष्टींची. बदली ही कृती आहे आणि ती ताजी आहे, म्हणून ती बोचणारच. त्या तीव्रतेवरून निर्णय बरोबर होता की चूक, याबद्दल फारसे काहीच कळत नाही.

मग खरा पश्चात्ताप ओळखायचा कसा? मला सर्वांत उपयोगी वाटणारा प्रश्न एकच आहे : उद्या सकाळपासून इथले सगळे काम मला सफाईदारपणे येऊ लागले, तर मला इथे राहावेसे वाटेल का? उत्तर मनापासून "हो" असेल, तर बहुधा नवखेपणाचा ताण आहे. उत्तर "तरीही नाही" असेल, तर "का नाही" याचे कारण शोधायला हवे, आणि ते सहसा कौशल्याशी संबंधित नसते. रुग्णाशी बोलत त्याला बरे होताना पाहणे हेच जिच्या कामाचे सुख आहे, तिला शस्त्रक्रियागृहात सर्व यंत्रे वापरता आली तरी ते सुख मिळेलच असे नाही. बालरुग्णांच्या वेदना पाहणे एखादीला सोसत नसेल, तर शिरेत सुई लावण्याचे कसब वाढल्याने ते सोसू लागत नाही. पाळ्यांचे वेळापत्रक घरातल्या जबाबदाऱ्यांशी जुळत नसेल, तर कितीही सराव झाला तरी ते जुळणार नाही.

प्रश्नाचे उत्तर मात्र केव्हा द्यायचे, यालाही महत्त्व आहे. सलग रात्रपाळ्यांनंतर तर मुळीच देऊ नये. शरीराचे जैविक घड्याळ पहाटेच्या सुमारास सतर्कतेच्या तळाशी असते आणि अपुऱ्या झोपेत प्रत्येक अडचण अंतिम वाटते. पुरेशी झोप झालेल्या सुट्टीच्या दिवशी, काही आठवड्यांच्या अंतराने, तोच प्रश्न पुन्हा विचारावा. सोबत एक साधी नोंद ठेवावी : या आठवड्यात जे जड गेले, त्यातले माहीत नसल्यामुळे किती आणि जागाच तशी असल्यामुळे किती. (नोंदीत रुग्णांची नावे किंवा ओळख पटेल असे काही येऊ नये, हे वेगळे सांगायला नकोच.) पहिला रकाना हळूहळू आखडत असेल तर नवखेपण ओसरते आहे, दुसरा जसाच्या तसा राहत असेल तर प्रश्न निर्णयाचा आहे. बहुतेकींच्या नोंदीत दोन्ही रकाने भरलेले असतात आणि त्यात विसंगत असे काही नाही.

येथे एक धोक्याची सूचना आवश्यक आहे. "नवीन आहेस, रुळशील" हे वाक्य कधी कधी असुरक्षित जागेवर पांघरूण घालते. पुरेशी ओळख करून न देता गंभीर रुग्ण सोपवणे, शंका विचारल्यावर सर्वांसमोर पाणउतारा करणे, सोबतीला नेमलेली व्यक्ती प्रत्यक्षात कधीच उपलब्ध नसणे, हे नवख्या माणसाचे दोष नव्हेत. ते विभागाचे दोष आहेत आणि त्यांची झळ रुग्णाला लागते. अशा बाबी तारखेसह लिहून वरिष्ठांकडे मांडाव्यात. नीतिशास्त्राचे अभ्यासक अँड्र्यू जेमटन यांनी 1984 मध्ये नैतिक क्लेश ही संकल्पना परिचर्येच्या संदर्भात मांडली : योग्य काय ते कळते, पण संस्थेच्या अडसरांमुळे ते करता येत नाही. हा क्लेश नवखेपणाच्या नेमका उलट वागतो, असे मला वाटते. नवखेपण अनुभवाने कमी होते. नैतिक क्लेश अनुभवाने वाढू शकतो, कारण काय चुकते आहे ते दिवसेंदिवस अधिक स्पष्ट दिसू लागते. म्हणून काम जमू लागल्यावरही जर अस्वस्थता वाढतच असेल, तर तिला नवखेपण म्हणू नये.

आणखी एक भेद थोडक्यात. जवळपास दिवसभर टिकणारी उदासी दोन आठवडे उलटूनही हटत नसेल, सुट्टीतही कशातच रस वाटत नसेल, किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर हा नोकरीचा प्रश्न राहिलेला नाही. तेव्हा विलंब न लावता डॉक्टरांचा किंवा मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा, आणि स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील तर त्याच दिवशी.

नवखेपणाचा ताण असेल तर उपाय तपशिलात आहे. "मला जमत नाही" अशा सर्वव्यापी विधानावर कोणीही मदत करू शकत नाही, "सेंट्रल लाइनचे (मोठ्या शिरेत बसवलेल्या नळीचे) ड्रेसिंग मला एकटीने करता येत नाही, पुढच्या वेळी माझ्यासोबत उभ्या राहाल का?" या विनंतीवर करू शकते. शक्य असेल तर शिकवणारी व्यक्ती काही काळ एकच असावी अशी मागणी करावी, कारण दर पाळीला नवी पद्धत ऐकून गोंधळ वाढतो. प्रशिक्षणाचा काळ वाढवून मागण्यात कमीपणा नाही. अर्धवट तयारीनिशी रुग्ण हाती घेण्यापेक्षा ते केव्हाही जबाबदारपणाचे आहे.

पश्चात्ताप खरा असेल तर प्रथम त्या वेळचा निर्णय त्या वेळच्या माहितीवर तपासावा. जे आत शिरल्याशिवाय कळणे शक्यच नव्हते, त्यासाठी स्वतःला दोषी धरणे अन्यायाचे आहे. त्यानंतर परतीचा विचार करायचा असल्यास तो भावनेपेक्षा चौकशीने करावा. जुन्या विभागात जागा रिकामी आहे का, अंतर्गत बदलीसाठी किती काळ थांबण्याचा नियम आहे, नोकरीच्या करारात सूचनेचा कालावधी किंवा बंधपत्र आहे का, हे लेखी तपासून घ्यावे. जुन्या प्रभारी परिचारिकेशी बोलताना केवळ "परत येऊ का?" असे न विचारता, आपण ज्या कारणांसाठी तो विभाग सोडला होता त्यांपैकी आज काय बदलले आहे, हे विचारावे. काहीच बदलले नसेल, तर परत जाण्याऐवजी तिसऱ्या विभागाचा विचार करणे अधिक सयुक्तिक ठरेल. त्या वेळी अर्ज करण्यापूर्वी तिथे एखादी पूर्ण पाळी निरीक्षक म्हणून उभे राहण्याची परवानगी मागता येते, आणि ती पाळी शक्यतो सर्वांत गर्दीच्या दिवसाची निवडावी.