शिन पेन म्हणू नका, आधी एक बोट लावून बघा
भरतीची तयारी चालते त्या कुठल्याही ग्राउंडवर पहाटे जा, एखादा पोरगा नडगी चोळत बसलेला दिसतोच. शेजारचा न बघताच निदान करतो, "शिन पेन रे, होतं सगळ्यांनाच. पळत राहा." हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. शिन पेन म्हणजे नडगीचं दुखणं; या एका नावाखाली दोन दुखणी खपवली जातात. एकात पळत राहिलात तर दुखणं रेंगाळतं, दुसऱ्यात हाड मोडू शकतं.

पहिलं म्हणजे शिन स्प्लिंट. म्हणजे नडगीच्या हाडावर आणि त्याला चिकटलेल्या स्नायूंवर ताण येऊन होणारं दुखणं. नडगीच्या आतल्या कडेला, घोट्याच्या वरच्या भागात दुखतं. १६०० मीटरचं टायमिंग बसेना म्हणून एकदम रनिंग वाढवलं, तेही डांबरी रस्त्यावर आणि झिजलेल्या बुटात, की हे होतं. रनिंग कमी करा, पोटरी मजबूत करा, काही आठवड्यांत उतरतं.

दुसरं स्ट्रेस फ्रॅक्चर. यात कुठे पडावं-आपटावं लागत नाही. हाडावरचा ताण वाढला की शरीर आधी जुनं हाड पोखरतं आणि मग नवं भरतं. पोखरणं लवकर उरकतं, भरायला महिने लागतात. मधल्या काळात रोज तेवढेच हादरे बसले की चीर पडते. लष्कराला हे दुखणं जुनंच. ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरने १८५५ मध्ये कूच करून पाय सुजलेल्या सैनिकांची नोंद केली; तेव्हा एक्स-रेचा शोधही लागला नव्हता. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इस्रायली लष्कराच्या २९५ रिक्रूटांपैकी ३१ टक्क्यांना ट्रेनिंगमध्ये स्ट्रेस फ्रॅक्चर झालेलं आढळलं.

आता ओळखायचं कसं? नडगीच्या कडेवरून एक बोट दाबत वर न्या. चारपाच बोटांच्या पट्ट्यात सगळीकडेच ठणकलं तर बहुधा शिन स्प्लिंट. एकाच ठिकाणी, रुपयाएवढ्या जागेत, बोट टेकताच जीव कळवळला तर चिरेचा संशय घ्या. शिन स्प्लिंट सुरुवातीला अंग गरम झालं की बरेचदा दबतं. चिरेचं दुखणं प्रत्येक फेरीला वाढतं, पुढे चालतानाही छळतं आणि रात्री झोपेतही जाणवतं. एका पायावर उड्या मारून खात्री करायला जाऊ नका. बोटाने सांगितलं तेवढं पुरे.

सगळ्यात जास्त पोरं फसतात ती पुढच्या पायरीवर. एक्स-रे काढतात, तो नॉर्मल येतो आणि संध्याकाळी पुन्हा ग्राउंडवर हजर! अहो, पहिले दोन-तीन आठवडे ही चीर एक्स-रेवर बरेचदा दिसतच नाही. पुढे जे दिसतं तेही पुष्कळदा हाड जुळताना साचलेलं नवं हाड असतं. म्हणजे त्या नॉर्मलचा अर्थ 'अजून दिसलं नाही' एवढाच. एमआरआय लवकर पकडतो, पण त्याचा खर्च प्रत्येकाला झेपत नाही हे मलाही कळतं. मग बोट एकाच जागी थांबत असेल तर चीर आहे असं धरून रनिंग पूर्ण बंद ठेवा, डॉक्टरांना दाखवा आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढा. साध्या चिरेला साधारण सहा ते आठ आठवडे द्यावे लागतात. डॉक्टर हो म्हणाले तर तेवढ्यात सायकल मारा, पाण्यात पळा.

पेनकिलर खाऊन टायमिंग द्यायला लावणारे 'सर' मला अजिबात पटत नाहीत. दुखणं हीच तर एकमेव खूण, तीच गोळीने पुसायची? त्या जागी अंगठ्याने रगडून मालिश करणारेही तसलेच.

मुलींनी आणखी एक बघायचं. रनिंग वाढवल्यापासून पाळी चुकत असेल तर खाणं कमी पडत असण्याची शक्यता मोठी, आणि त्याचा फटका हाडांना बसतो. हे डॉक्टरांना आपणहून सांगा, विचारायची वाट बघू नका.

दुखरी जागा नडगीच्या आतल्या कडेला नसून समोरच्या धारेवर असेल तर ती चीर हट्टी असते, कधी ऑपरेशनपर्यंत जाते. आणि पळताना जांघेत खोल दुखत असेल तर मांडीच्या हाडाच्या मानेला चीर असू शकते. तिथे आठवडाभर वाट बघायची नाही. रनिंग त्याच दिवशी बंद, लंगडत असाल तर काठी घ्या आणि थेट हाडांच्या डॉक्टरकडे जा.