दुसऱ्या सॉकेटचा हिशेब

1998-99च्या सुमारास काही हौशी मंडळी इंटेलच्या सेलेरॉन प्रोसेसरच्या कार्डाला ड्रिलने बारीक भोक पाडत आणि तिथून एक तार सोल्डर करून बाहेर काढत, ती एकाच संगणकात दोन सेलेरॉन चालवता यावेत म्हणून. स्वस्तातल्या सेलेरॉनने जोडीने काम करावं अशी इंटेलची इच्छा नव्हती. पण ती क्षमता चिपमध्ये होती, फक्त तिची वाट बंद केलेली होती. 1999मध्ये अबिट कंपनीचा बीपी6 हा मदरबोर्ड आला आणि ड्रिलची गरज संपली. त्याच्या दोन सॉकेटांत, म्हणजे प्रोसेसर बसवायच्या खाचांत, दोन सेलेरॉन बसवले की झालं. पुढच्या पिढीच्या सेलेरॉनमधून इंटेलने ही सोय काढूनच टाकली.

भोकं पाडण्याइतकी ओढ का होती? कारण दोन प्रोसेसर म्हणजे तोवर मोठ्या घरचा थाट. बरोज कंपनीचा लष्करासाठी बनवलेला डी825 हा अनेक प्रोसेसरचा संगणक 1962चा. टेबलावरच्या वर्कस्टेशनपर्यंत, म्हणजे व्यावसायिक कामाच्या ताकदवान संगणकापर्यंत, ही कल्पना यायला तीस वर्षं लागली: 1992चं सनचं स्पार्कस्टेशन 10, 1997चं सिलिकॉन ग्राफिक्सचं ऑक्टेन. साध्या पीसीच्या बाजूला इंटेलने 1994मध्ये पेंटियममध्येच दोन प्रोसेसर जुळवण्याची यंत्रणा घातली आणि 1995च्या पेंटियम प्रोने तर चार प्रोसेसरपर्यंतची सोय केली.

हार्डवेअर आलं, पण ते वापरणार कोण? विंडोज 95 आणि 98 यांना दुसरा प्रोसेसर दिसतच नसे. त्यासाठी विंडोज एनटी हवं, किंवा लिनक्स. लिनक्सला 1996च्या 2.0 आवृत्तीत दोन प्रोसेसर कळू लागले, पण कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, दाराला एकच कुलूप होतं. एक प्रोसेसर आत गेला की दुसऱ्याने बाहेर थांबायचं. हे ‘बिग कर्नल लॉक’ थोडं थोडं सोडवत पूर्ण काढून टाकायला 2011 उजाडलं. एका कुलपाला पंधरा वर्षं! दुसरा प्रोसेसर सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना केवढ्याला पडला ते यावरून कळतं.

तरीही वेग दुप्पट होत नाही, हे जीन अमडाल यांनी 1967मध्येच दाखवून दिलं होतं. कामाचा निम्मा भाग वाटून देता येत असेल, तर दोन प्रोसेसर मिळून ते फक्त 1.33 पट वेगाने होतं. नव्वद टक्के वाटता आला तरी 1.8 पट. मात्र आकड्यांत न दिसणारा एक फायदा होता आणि माझ्या मते त्या काळात तोच सर्वांत मोठा होता. एका प्रोसेसरवर रेंडरिंग (चित्र तयार करण्याचं जड काम) चालू असताना दुसऱ्यामुळे माउस अडखळत नसे, खिडक्या झटकन उघडत. एका प्रोसेसरच्या यंत्रावर जड काम लावलं की चहाला उठायचं, एवढंच हातात असे.

खरी अडचण प्रोसेसरच्या बाहेर होती. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात. इथे तर एकाच बसवर, म्हणजे प्रोसेसर आणि मेमरी यांच्यातल्या माहितीच्या वाटेवर, दोन पेंटियम III बसवलेले असत. 100 मेगाहर्ट्झच्या त्या बसवरून सेकंदाला जेमतेम 800 मेगाबाइट मजकूर जाई, तोही दोघांत वाटून. शिवाय प्रत्येकाची कॅश (प्रोसेसरजवळची छोटी, वेगवान मेमरी) वेगळी, त्यामुळे एकाने काही बदललं की दुसऱ्याला कळवायला हवं. 1995च्या बीबॉक्स या संगणकामध्ये पॉवरपीसी 603 जोडीने बसवले होते, पण ‘हा मजकूर दोघांकडे आहे’ अशी नोंद ठेवायची सोयच त्या प्रोसेसरच्या कॅशमध्ये नव्हती.

2001च्या अ‍ॅथलॉन एमपीमध्ये एएमडीने प्रत्येक प्रोसेसरला चिपसेटपर्यंत (प्रोसेसरला मेमरी आणि बाकीच्या भागांशी जोडणाऱ्या चिपपर्यंत) स्वतंत्र बस दिली, पण पुढची मेमरी सामाईकच राहिली. निर्णायक बदल 2003च्या ऑप्टेरॉनने केला. मेमरी सांभाळणारा मेमरी कंट्रोलर थेट प्रोसेसरमध्ये आला आणि प्रत्येक सॉकेटला स्वतःची रॅम मिळाली. इंटेल त्याच वाटेवर 2009मध्ये झिऑन 5500 घेऊन आली. कोंडी फुटली, पण ‘आपली’ रॅम आणि ‘शेजाऱ्याची’ रॅम असा भेद सुरू झाला. शेजाऱ्याकडून मजकूर आणायला जास्त वेळ लागतो आणि ज्या सॉफ्टवेअरला हे ठाऊक नसतं ते दोन प्रोसेसरवर कधी कधी एकापेक्षाही हळू चालतं. रॅमचे संचही दोन घ्यावे लागतात. दुसरं सॉकेट रिकामं ठेवलं, तर त्याच्या वाटणीचे रॅम आणि पीसीआय एक्स्प्रेसचे (ग्राफिक्स कार्डासारखी कार्डं लावायचे) स्लॉट मुके पडतात. नवीन बोर्ड घेऊन निम्मे स्लॉट का चालत नाहीत म्हणून डोकं खाजवणारे अजूनही भेटतात.

मे 2005मध्ये पेंटियम डी आणि अ‍ॅथलॉन 64 एक्स2 आले. दोन प्रोसेसर, म्हणजे दोन ‘कोअर’, एका सॉकेटात मावू लागल्यावर घरगुती वापरासाठी दुसऱ्या सॉकेटचं कारणच संपलं. एएमडीचं क्वाड एफएक्स (2006) आणि इंटेलचं स्कलट्रेल (2008) हे त्यानंतरचे हट्टाचे प्रयोग म्हणावे लागतील. अ‍ॅपलने 2013च्या मॅक प्रोमध्ये एकच प्रोसेसर ठेवला. गंमत म्हणजे एएमडीच्या 2018च्या 32 कोअरच्या थ्रेडरिपर 2990डब्ल्यूएक्समध्ये सिलिकॉनच्या चार तुकड्यांपैकी दोघांना थेट मेमरीच नव्हती. म्हणजे दुसऱ्या सॉकेटची दुखणी एका सॉकेटच्या आत राहायला आली.

डेटा सेंटरमधून निवृत्त झालेले इंटेलचे झिऑन ई5-2670 जोडीने घेण्याचा मोह अनेकांना होतो. 2012चा हा प्रोसेसर 8 कोअरचा, 115 वॅटचा. जोडी केली की 16 कोअर आणि 230 वॅट. एएमडीच्या 2019च्या रायझेन 9 3950एक्समध्ये तेवढेच कोअर 105 वॅटच्या मर्यादेत बसतात आणि प्रत्येक कोअर बराच वेगवान. खरेदीत वाचलेले पैसे मग वीज, पंख्यांचा आवाज आणि मोठ्या पॉवर सप्लायच्या रूपाने बाहेर पडतात. काही व्यावसायिक सॉफ्टवेअरचा परवाना कोअर मोजून लागतो, तिथे तर मंद कोअर दुप्पट असणं हा निव्वळ तोटा.

मग आज दोन सॉकेटचं वर्कस्टेशन कोणी घ्यावं? हवेच्या किंवा द्रवाच्या प्रवाहाचं सिम्युलेशन करणाऱ्यांना ते परवडू शकतं, कारण तिथे गणितापेक्षा मेमरीतून आकडे आणण्यातच वेळ जातो. झिऑनच्या ई5-2600 मालिकेत प्रत्येक सॉकेटला मेमरीचे चार चॅनल (स्वतंत्र वाटा) होते, जोडीत आठ. 2020च्या थ्रेडरिपर प्रोने तेवढे चॅनल एकाच सॉकेटला दिले आणि ही जागाही आक्रसली. उरली ती एका सॉकेटच्या रॅममध्ये न मावणारी मॉडेल्स आणि एकाच कॅबिनेटात अनेक ग्राफिक्स कार्डं कोंबायची गरज. अशा यंत्रात दुसऱ्या प्रोसेसरचे कोअर कित्येकदा रिकामेच बसलेले असतात. तो घेतलेला असतो त्याच्याबरोबर येणाऱ्या स्लॉटांसाठी.