विद्यापीठाचं जुनं दप्तर आणि फाईलवरच्या नावाचा गुंता

विद्यापीठाचा इतिहास जपायचा तर आधी रेकॉर्ड रूम उघडा म्हणतात, पण आपल्याकडं दप्तराची सुरुवातच दुसऱ्या राज्यात होते. औरंगाबादचं मराठवाडा विद्यापीठ निघालं 23 ऑगस्ट 1958 ला, त्याच्या आधी इथली कॉलेजं हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली, म्हणजे त्या काळात बीए झालेल्या आजोबांचा निकाल बघायचा तर हैदराबाद गाठा. 1956 ला मराठवाड्याचे पाच जिल्हे हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात आले, परीक्षेची रजिस्टरं तिकडंच राहिली.

खरा गुंता त्याच्या बऱ्याच नंतरचा. 27 जुलै 1978 ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत विद्यापीठाचं नाव बदलून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव झाला, लगेच मराठवाडाभर दंगल पेटली, दलितांची घरं जळली, माणसं मेली आणि अंमलबजावणी लटकली ती थेट 14 जानेवारी 1994 पर्यंत. त्या दिवशी 'मराठवाडा' तसंच ठेवून त्याच्या आधी बाबासाहेबांचं नाव लावलं. म्हणजे मागितलं नामांतर आणि मिळाला नामविस्तार. सरकारी कागद नामविस्तार म्हणतो, पण ज्यांनी साडेपंधरा वर्षं मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या, जेलात गेले त्यांच्या तोंडात आजही नामांतरच आहे.

आता अभिलेखाची यादी करणाऱ्याने फाईलवर काय लिहायचं? सगळं 'नामविस्तार'खाली टाकलं तर 78 चा कागद शोधणाऱ्याला तो सापडणारच नाही, वर असं वाटेल की नावात एक शब्द वाढवायचा होता, तो सगळ्यांनी मिळून वाढवला. माझं मत विचाराल तर कागदावर त्या दिवशी जो शब्द होता तोच कव्हरवर राहू द्या, आजचा शब्द पाहिजे तर बाजूला पेन्सिलीने लिहा.

त्यात 1994 लाच नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचं वेगळं विद्यापीठ झालं, लातूरची कॉलेजं तिकडं गेली. आमच्या घरात काकांची 1992 ची मार्कशीट 'मराठवाडा विद्यापीठ'ची आणि चुलत बहिणीची 97 ची 'स्वामी रामानंद तीर्थ'ची, कॉलेज लातूरचं एकच, बहुतेक बाकडीपण तीच! काकांची मूळ नोंद मात्र औरंगाबादलाच.

राहिलं निंदणीकरण, म्हणजे जुन्या कागदांतले नको ते छाटून टाकणं. सरकारी पद्धतीत कागदाचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडतात, अ कायम ठेवायचा आणि ड वर्षभरात रद्दीत. ठराव, इतिवृत्तं टिकतात, त्याची काळजी नाही. पण हॉस्टेलची हजेरी, मेसचं रजिस्टर असलं किरकोळ कोण ठेवतं, आणि 78 च्या ऑगस्टमध्ये कोणती पोरं खोल्या सोडून रातोरात गावाकडं गेली ते त्याच्यातच सापडलं असतं. चौकाचौकात वाटलेली पत्रकं तर आवक-जावकमध्ये चढलीच नाहीत, ती असतील तर कुणाच्या तरी माळ्यावर, पत्र्याच्या पेटीत.