मेणखडूचा डाग आणि उकळतं पाणी

‘खिशातला मेणखडू धुण्यात वितळला, तर कपडे उकळत्या पाण्यात टाका, डाग निघतो’ असं सांगितलं जातं. मेण पाण्यात वितळतं, पण विरघळत नाही. पेलाभर कडक पाण्यात खडूचा कीस टाकून बघा: मेण वर तरंगतं, निवल्यावर साय धरते. बादलीत हीच साय बाकीच्या कपड्यांवर बसते.

आधी मेण बोथट सुरीनं खरवडा. सुती कापड असेल तर दोन्ही बाजूंना कोरा टिश्यू पेपर ठेवून मध्यम गरम इस्त्री दाबा, घासू नका. कागद बदलत राहा. वर्तमानपत्र नको, शाई उतरते. उरलेल्या रंगावर भांड्यांचं लिक्विड चोळा, १५ मिनिटांनी कोमट पाण्यात धुवा. सांगलीच्या उन्हात वाळवण्याआधी डाग तपासा, राहिला असेल तर पुन्हा लिक्विड.