सोळा संघ, नऊ सामने आणि तळातून आलेला विजेता

७ डिसेंबर २०२४ रोजी टेक्सासमधल्या आर्लिंग्टन इथे ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने आयोवा स्टेटला ४५-१९ असं लोळवलं आणि 'बिग १२' या लीगचं अजिंक्यपद पटकावलं. (फुटबॉल म्हणजे अमेरिकन, चेंडू काखेत मारून पळायचा.) हंगाम सुरू होण्यापूर्वी पत्रकारांनी लावलेल्या अंदाजात १६ संघांमध्ये हा संघ सोळावा होता. आदल्या वर्षी १२ पैकी ९ सामने हरलेला, एकदम लिंबूटिंबू. टेंपी गावच्या या विद्यापीठात मराठी मुलंही शिकायला जातात, त्यामुळे 'चमत्कार झाला' ही बातमी आपल्याकडच्या व्हॉट्सॲपवरही फिरली असेल तर नवल नाही. पण या निकालात चमत्कारापेक्षा गणित जास्त रंगतदार आहे, आणि ते कोणी सांगत नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेत विद्यापीठांचे संघ वेगवेगळ्या लीगमध्ये खेळतात. त्यांना तिथे कॉन्फरन्स म्हणतात. पूर्वी या लीग शेजारपाजारच्या राज्यांच्या असत. मग टीव्हीचा पैसा आला. ३० जून २०२२ रोजी लॉस एंजेलिसच्या दोन बड्या विद्यापीठांनी पॅसिफिक किनाऱ्यावरची 'पॅक १२' सोडून 'बिग १०' मध्ये जायचं जाहीर केलं आणि जुन्या लीगला गळती लागली. २०२४ साली बारापैकी दहा संघ निघून गेले, उरले दोन. १९७८ पासून तिथे असलेलं ॲरिझोना स्टेट बिग १२ मध्ये आलं. आज बिग १२ मध्ये संघ १६ आहेत, बिग १० मध्ये १८, आणि कॅलिफोर्नियातलं स्टॅनफर्ड 'अटलांटिक कोस्ट' लीगमध्ये खेळतं. भूगोलाच्या शिक्षकांनी हे वाचू नये.

पैशाबद्दल भरपूर लिहिलं गेलंय. मला कुतूहल आहे ते या फेरमांडणीमुळे विजेता ठरवण्याच्या पद्धतीचं काय झालं याचं.

२०११ ते २०२२ या काळात बिग १२ मध्ये दहाच संघ होते. प्रत्येकाचे लीगमधले सामने नऊ, म्हणजे सगळे सगळ्यांशी खेळत. जोड्या ४५, सामने ४५. हिशोब चोख. आता संघ १६ झाले, पण प्रत्येकाचे सामने नऊच राहिले, कारण हा खेळ आठवड्यातून एकदाच खेळता येतो, हाडं मोडतात. सोळा संघांच्या जोड्या १२०, सामने मात्र ७२. उरलेल्या ४८ जोड्या साखळीत समोरासमोर येतच नाहीत. आयपीएलमध्ये दहा संघ १४-१४ सामने खेळतात आणि प्रत्येक जोडीची निदान एक गाठ पडतेच. नेट रन रेटवरून भांडा हवं तर, पण 'आमची गाठच पडली नाही' असं तिथे कोणी म्हणू शकत नाही.

२०२४ मध्ये ॲरिझोना स्टेट, आयोवा स्टेट, ब्रिगम यंग आणि कोलोरॅडो हे चार संघ प्रत्येकी ७ विजय, २ पराभव अशा बरोबरीत अव्वल राहिले. चार संघांच्या जोड्या सहा. सरासरीने त्यांतल्या साडेतीन-चार जोड्यांचे सामने व्हायला हवेत. झाला एकच! ॲरिझोना स्टेटने ब्रिगम यंगला २८-२३ हरवलं, बाकी पाच जोड्या एकमेकांच्या वाऱ्यालाही उभ्या राहिल्या नाहीत. अंतिम सामना पहिल्या दोघांतच व्हायचा, म्हणून मग चौघेही ज्यांच्याशी खेळले असे प्रतिस्पर्धी शोधले. ते निघाले चार: कॅन्सस, कॅन्सस स्टेट, युटा आणि सेंट्रल फ्लोरिडा. ॲरिझोना स्टेटने चौघांनाही हरवलं होतं. बाकी तिघे कॅन्ससकडून हरले होते. हंगामात जिंकले पाच आणि हरले सात, असा हा कॅन्ससचा संघ. त्याने लागोपाठ तीन आठवड्यांत तिघांनाही पाणी पाजलं आणि किंगमेकर ठरला. दुसऱ्या जागेसाठी पुढचे निकष लावावे लागले आणि ती आयोवा स्टेटला मिळाली.

आता माझा आवडता भाग. जे दोन संघ कधी भेटलेच नाहीत, त्यांची तुलना तिसऱ्याच्या मार्फत करता येते का? ॲरिझोना स्टेटने कॅन्ससला ३५-३१ हरवलं, म्हणजे ४ गुणांनी वरचढ. कॅन्ससने आयोवा स्टेटला ४५-३६ हरवलं, म्हणजे ९ गुणांनी. बेरीज केली तर ॲरिझोना स्टेट १३ गुणांनी भारी. हाच हिशोब युटामार्फत केला तर ५ गुणांनी भारी, कॅन्सस स्टेटमार्फत २, सेंट्रल फ्लोरिडामार्फत १. पण या दोघांचे आणखी दोन सामाईक प्रतिस्पर्धी होते. टेक्सास टेकमार्फत उत्तर उलटं येतं, आयोवा स्टेट ७ गुणांनी भारी. आणि सिनसिनाटीमार्फत तब्बल २७ गुणांनी! (त्या दिवशी ॲरिझोना स्टेटचा पहिल्या पसंतीचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणारा खेळाडू, सॅम लेव्हिट दुखापतीमुळे बाहेर होता. आकड्याला हे कळत नाही.) सहाही उत्तरांची सरासरी काढली तर आयोवा स्टेट सुमारे २ गुणांनी सरस. प्रत्यक्षात ॲरिझोना स्टेट २६ गुणांनी जिंकलं.

मग पद्धत चुकली का? नाही, तिची अचूकताच तेवढी आहे. या खेळात एखाद्या सामन्याचा फरक अपेक्षेपेक्षा साधारण १५-१६ गुणांनी इकडेतिकडे होतो, म्हणजे प्रमाण विचलन तेवढं असतं. तिसऱ्या संघामार्फत तुलना करताना दोन सामन्यांच्या चुका एकत्र येतात. खोली टेपऐवजी वितीने मोजावी तशी दर टप्प्याला थोडी चूक भर घालते. मात्र चुकांची सरळ बेरीज होत नाही, त्यांच्या वर्गांची होते. म्हणून १६ गुणिले २चं वर्गमूळ, सुमारे २३. असे सहा मार्ग असल्यामुळे २३ भागिले ६चं वर्गमूळ, सुमारे ९. म्हणजे आपलं उत्तर 'आयोवा स्टेट २ गुणांनी भारी, अधिक-उणे ९', आणि त्यावर अंतिम सामन्याची स्वतःची १६ गुणांची धाकधूक वेगळी. दोन्ही मिळून १८च्या आसपास. मग २६ गुणांचा विजय अंदाजापासून दीड विचलनावर पडतो. दुर्मीळ खरा, अशक्य मुळीच नाही.

इथे कोणी कंटाळलं असेल तर एक सोपा प्रयोग. समजा सोळाही संघ अगदी तुल्यबळ आहेत आणि प्रत्येक सामना म्हणजे निव्वळ छापा-काटा. नऊ सामन्यांचे निकाल ५१२ प्रकारांनी लागू शकतात. त्यांत सात किंवा जास्त विजय मिळण्याचे प्रकार ३६ अधिक ९ अधिक १, म्हणजे ४६. सुमारे ९ टक्के. सोळा संघांत मिळून दर वर्षी सरासरी एक-दीड संघ केवळ नाण्याच्या कृपेने ७-२ किंवा त्याहून सरस करणार, आणि त्याच्या प्रशिक्षकाच्या 'विजयाचे सात मंत्र' अशा मुलाखती छापून येणार. याउलट, प्रत्येक सामना जिंकण्याची ७५ टक्के शक्यता असलेला खरोखर तगडा संघही ४० टक्के वेळा सात विजयांपर्यंत पोचत नाही.

२०१० साली पॉल नावाच्या ऑक्टोपसने आपल्या ओळखीच्या, पायाने खेळायच्या फुटबॉलच्या विश्वचषकातले आठ निकाल बरोबर 'सांगितले' होते. छापा-काट्याने हे २५६ मध्ये एकदा घडतं. त्याच वेळी सिंगापूरमधला मणी नावाचा पोपट अंतिम सामन्यात नेदरलँड्सची चिठ्ठी उचलून तोंडघशी पडला. त्याचं नाव आज कोणाला आठवतंय? टीव्हीवर सामन्याआधी कुंडल्या मांडणाऱ्यांचंही असंच.

याचा अर्थ ॲरिझोना स्टेट नशिबाने जिंकलं असा नव्हे. चेंडू घेऊन धावणारा त्यांचा कॅम स्कॅटेबूसारखा खेळाडू एरवी सॅक्रामेंटो स्टेटसारख्या लहान विद्यापीठातच राहिला असता. विद्यापीठ बदलण्याचे नियम सैल झाल्यामुळे असे खेळाडू आता वर्षभरात संघाचा कायापालट करतात, आणि जुन्या हंगामावरून बांधलेले अंदाज कोलमडतात. १ जानेवारी २०२५ रोजी देशपातळीवरच्या बाद फेरीत टेक्सासविरुद्ध हाच संघ दोन जादा डावांनंतर ३९-३१ असा हरला. सोळाव्या क्रमांकाचे संघ असे हरत नाहीत.

बिग १० मध्ये आता १५३ जोड्यांपैकी ८१ जोड्याच खेळतात. सोळा संघांच्याच 'एसईसी' या दुसऱ्या लीगने २०२६ पासून प्रत्येक संघाचे लीग सामने आठावरून नऊ करायचं ठरवलंय. १२० जोड्यांपैकी ६४ ऐवजी ७२ होतील. उरलेल्या ४८ जोड्यांचं काय करायचं, ते अजूनही मधल्या कॅन्ससांनीच ठरवायचं आहे.