पट्टीचा पोहणारा का बुडतो?

“कुंडाला तळ नाही. सात बाजांचे सुंभ एकाला एक बांधून सोडले, तरी पुरले नाहीत.” देवकुंड धबधब्याच्या वाटेवर आमच्या पुढे चालणारे वाटाडे काका सांगत होते. कोकणातल्या जवळजवळ प्रत्येक डोहाची ही गोष्ट आहे आणि तिच्या मागोमाग गिऱ्हा येतोच. गिऱ्हा म्हणजे पोहणाऱ्याचा पाय धरून खाली ओढणारं पाण्यातलं भूत. काकांचा पुरावाही नेहमीचाच होता, “पट्टीचा पोहणारा होता, तरी गेला. मग ओढलं कोणी?”

प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर फेसात आहे.

देवकुंड रायगड जिल्ह्यात, भिरा गावाजवळ, ताम्हिणीच्या डोंगरांच्या कुशीत आहे. गेली काही वर्षं पावसाळ्यात तिथे जायला बंदी असते, म्हणून आम्ही नोव्हेंबरात गेलो. ओढे ओलांडत, रानातून दीड-दोन तासांची चाल. दोन्ही बाजूंना साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे काळे थर चढत जातात आणि दरी अरुंद होत होत एकदम कुंडापाशी येऊन थांबते. कडेच्या कातळावर बसून भाकरी-ठेचा खाल्ला. कुंडाचं पाणी हिरवंगार होतं, फक्त धार पडते तिथे पांढरंशुभ्र. तो पांढरा डाग मी तासभर तरी पाहत बसलो.

पाणी पांढरं का होतं? खडीसाखर पारदर्शक असते, ती कुटली की पिठीसाखर पांढरी दिसते. प्रत्येक कणाच्या पृष्ठभागावर प्रकाश वळतो, परततो, सगळे रंग सारखेच विखुरतात. फेसात कणांच्या जागी हवेचे बुडबुडे असतात, एवढाच फरक. वीस मीटरवरून पडणारं पाणी खाली पोचताना ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपास वेगात असतं आणि जाताना हवा ओढून नेतं.

आता बुडण्याचं गणित. छाती भरून श्वास घेतला, तर साठ किलोच्या माणसाचं आकारमान साधारण ६१ लिटर असतं. म्हणजे पूर्ण बुडाला तर तो ६१ किलो पाणी बाजूला सारतो आणि जेमतेम तरंगतो. पण त्या पाण्यात दहा टक्के हवा असेल, तर ६१ लिटर मिश्रणाचं वजन ५५ किलोच भरतं. पाच किलोंचा आधार तुटला, कमरेला पाच किलोंचा गोटा बांधल्यासारखं. हवा तीस टक्के झाली, तर तूट सतरा किलोंची. साधं लाइफ जॅकेट सात-आठ किलोंचा आधार देतं, तेही पुरत नाही. हात मारावा, तर हाताखाली पाणी कमी आणि हवा जास्त, त्यामुळे जोर लागत नाही. पोहण्याचं सगळं कौशल्य पाण्याच्या घनतेवर उभं असतं, आणि इथे घनताच गेलेली असते.

शिवाय धार पाण्याला तळाकडे ढकलते. ते पाणी लांब जाऊन वर येतं आणि त्यातलं काही पृष्ठभागावरून पुन्हा धारेकडे वळतं. त्या फेऱ्यात सापडलेल्याला कोणीतरी ओढतंय असं वाटणं साहजिक आहे, कारण खरोखरच ओढलं जात असतं. ‘कुंडाने बळी घेतला’ अशी बातमी दरवर्षी कुठून तरी येते. तो शब्द मला फार खटकतो. बळी म्हटलं की कारण शोधायची गरजच उरत नाही, आणि पुढच्या वर्षी आणखी कुणाचा तरी मुलगा त्याच फेसाखाली रील काढायला उतरतो.

पण बुडबुड्याचं माझं खरं वेड त्याच्या आवाजासाठी आहे. नळाचा थेंब बादलीत पडतो, तेव्हा ‘टप्’ हा आवाज थेंबाच्या आपटण्याचा नसतो. त्याच्याखाली अडकलेला इवलासा बुडबुडा वाजतो. आतली हवा स्प्रिंगसारखी आकुंचन-प्रसरण पावते आणि भोवतालचं पाणी त्या स्प्रिंगला टांगलेल्या वजनासारखं हलतं. मार्सेल मिनार्ट या नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या खगोलशास्त्रज्ञाने १९३३ साली याचं सूत्र मांडलं. वारंवारता, म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं, ही हवेचा दाब गुणिले विशिष्ट उष्णतांचं गुणोत्तर (हवेची स्प्रिंग किती ताठ ते सांगणारा एक ठरलेला आकडा), भागिले पाण्याची घनता, याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते आणि त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात. आकडे घातले की वारंवारता आणि त्रिज्या यांचा गुणाकार सेकंदाला सुमारे ३.३ मीटर येतो. एक मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा ३३०० हर्ट्झला वाजतो. एक सेंटिमीटरचा ३३० हर्ट्झला, म्हणजे भजनातल्या पेटीवरच्या मध्य सप्तकातल्या पांढरी तीनला. धबधब्यात सगळ्या मापांचे लक्षावधी बुडबुडे एकाच वेळी जन्मतात, म्हणून एकही सूर वेगळा ऐकू येत नाही, नुसती गाज येते. धारेपाशी मोठे बुडबुडे, खर्ज जास्त. कुंडाच्या काठाशी बारीक बुडबुडे, तिथे कान लावला तर सळसळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेवदंड्याला गेलो. कुंडलिका नदी तिथे समुद्राला मिळते. भिऱ्याच्या वीजघरातून उतरलेलं मुळशी धरणाचं पाणीही याच नदीत येतं, नाहीतर ते भीमा-कृष्णेतून बंगालच्या उपसागराला गेलं असतं. गोड्या पाण्यात दोन बुडबुडे भेटले की चटकन एक होतात. खाऱ्या पाण्यात मीठ त्यांना एकमेकांत मिसळू देत नाही, ते बारीकच राहतात. बारीक म्हणजे चढ्या सुराचे. पुळणीवर लाट फुटली, फेस पसरला आणि मी खाली वाकून ऐकलं. कुंडातला तो खर्ज त्यात नव्हता, नुसतं बारीक ‘स्स्स’ वाळूत जिरत होतं.