लॅपटॉपवर चहा सांडला तर

लॅपटॉप चालू असेल तर ‘शट डाउन’ करत बसू नका. चार्जर काढा आणि बंद होईपर्यंत, साधारण 10 सेकंद, पॉवर बटण दाबून धरा. मग स्क्रीन उघडी ठेवूनच टॉवेलवर उपडा, तंबूसारखा उभा करा. कीबोर्डखालीच मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जोडणारा मुख्य बोर्ड असतो. चहा तिकडे झिरपायच्या आत बाहेर निथळला पाहिजे.

बोर्ड नुसता भिजल्याने सहसा जळत नाही. भिजलेला असताना त्यात वीज खेळत राहते, म्हणून जातो. चहातले क्षार वीज वाहून नेतात, तांब्याच्या बारीक रेषा खाल्ल्या जातात आणि हिरवट गंज धरतो. बंद लॅपटॉपमध्येही काही भागांना बॅटरीतून पुरवठा चालूच असतो. त्यामुळे बॅटरी लवकरात लवकर सुटी झाली पाहिजे. ती बाहेरून निघत असेल तर लगेच काढा. आत असेल तर तळाचे स्क्रू खोलून तिचा कनेक्टर काढावा लागतो. सवय नसेल तर तसाच आमच्याकडे दुरुस्तीला घेऊन या. अपघाती नुकसानीचे संरक्षण घेतले असेल तर मात्र खोलू नका, आधी कंपनीला फोन करा. साध्या वॉरंटीत हे नुकसान सहसा धरत नाहीत, आणि ‘काही सांडलंच नाही’ म्हणूनही भागत नाही: अनेक मॉडेलमध्ये आत पांढरे ठिपके असतात, ते पाणी लागले की लाल होतात.

भिजलेला लॅपटॉप तांदळात ठेवा, असे अनेकजण सांगतात; पण तांदळाचा डबा भातासाठीच ठेवा. चिपखालचे पाणी तांदूळ ओढत नाही, त्याची भुकटी मात्र फॅनमध्ये जाते. हेअर ड्रायरने पाणी आणखी आत ढकलले जाते. सॅनिटायझरने पुसू नका, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असते.

‘दोन दिवस वाळवला, चालू झाला’ यावर विसंबू नका. साखर आणि दूध आतच राहते, पावसाळी हवेत ओल धरते आणि गंज पुढे सरकतो.

आम्ही बोर्ड पूर्ण सुटा करून, वरची पत्र्याची झाकणे काढून, 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने धुतो. चिपखाली चहा गेला असेल तर अल्ट्रासोनिक क्लीनर (ध्वनिलहरींनी साफ करणारे यंत्र) लागतो. वाळल्यावर मायक्रोस्कोपखाली तपासतो, विशेषतः डिस्प्लेचा कनेक्टर: तिथे बॅकलाइटचा जास्त व्होल्टेज डेटाच्या पिनांजवळच असतो. त्यानंतरच मर्यादित करंट देऊन बोर्ड चालू करतो. कीबोर्ड बहुतेक वेळा बदलावाच लागतो.

एसएसडी (डेटा साठवणारा भाग) सुटी निघणारी असेल तर डेटा बहुधा वाचतो; बोर्डवरच सोल्डर केलेली असेल तर आधी बोर्ड जगवावा लागतो. बिटलॉकर (विंडोजमधले डेटाचे कुलूप) चालू असल्यास 48 आकडी रिकव्हरी की सोबत आणा.

येताना चिठ्ठीवर लिहा: काय सांडले, किती, कधी, आणि त्यानंतर कितीदा चालू करून पाहिला.